सर्वानुमते खर्ज

"आता सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही," असं म्हणून झेल्याझ्कोने सूर्यफुलाच्या बियांची पुडी सोडली. प्लोवदिव शहरातल्या त्या सिमेंटच्या इमारतीखाली निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी बाकावर जमत. झेल्याझ्कोचं काहीच त्यांना खरं वाटत नसे, त्यामुळे कुणी उठलं नाही.

गोष्ट त्याच्या होम थिएटरची होती, आणि बाकावरचे सगळेच तिच्यात होते. जुना टीव्ही नीट ऐकू येत होता, मुळात तिथेच चुकलं. शेजारच्या इमारतीतल्या लोकांना हल्ली नुसतं ऐकू येणं पुरत नव्हतं, त्यांना आवाजात 'खोली' लागत होती. झेल्याझ्को चौकशीला गेला, तेव्हा दुकानदाराने हळूच विचारलं, "काका, तुमच्या घरी खर्ज आहे ना?" घरी खर्ज नाही, हे आयुष्यात कुणी त्याच्या लक्षात आणून दिलं नव्हतं. तो शरमला आणि भल्यामोठ्या खोक्यातला खर्ज घेऊनच घरी आला.

पहिल्याच दिवशी काचा लावलेल्या गॅलरीतल्या बरण्या किणकिणू लागल्या. त्याची बायको नेद्याल्का हिने हिवाळ्यासाठी भाजक्या मिरच्या नुकत्याच भरून ठेवल्या होत्या. दुकानदार येऊन पाहणी करून गेला. यंत्र निर्दोष आहे, दोष मिरच्यांचा आहे, असा त्याचा अभिप्राय पडला. बरण्या तळघरात गेल्या. मग वरच्या मजल्यावरच्या बरण्या ऐकू येऊ लागल्या, कारण भिंती सगळ्यांच्या सामाईक. शेवटी इमारतीचे व्यवस्थापक गेन्चो यांनी सभा बोलावली. ध्वनीच्या दर्जास बाधक ठरणाऱ्या सर्व खाद्यपदार्थांचे रहिवाशांनी तातडीने सेवन करावे, असं ठरलं. इमारतीने भर सप्टेंबरात अख्खा हिवाळा खाऊन टाकला. त्यानंतर कळलं की रिकाम्या बरण्या भरलेल्यांपेक्षा जास्त वाजतात.

नेद्याल्काने आवाज चढवला नाही. बाजारात मिरची अजून थोडेच दिवस मिळेल, असं म्हणून तिने झेल्याझ्कोला अट घातली. "सगळ्यांना बोलाव. हे खोकं माझ्या स्वयंपाकघरातल्या रेडिओपेक्षा चांगलं वाजतं असं सगळे म्हणाले तर मी पुन्हा बरणी भरणार नाही, नाहीतर खोकं तळघरात जाईल."

मंडळी आपापल्या खुर्च्या घेऊन आली. गॅलरीचं दार लोटलेलं होतं. झेल्याझ्कोने बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही, हे त्याने पाहिलं होतं, पण इतक्या उच्च दर्जाच्या यंत्राला दिव्यासारख्या क्षुल्लक गोष्टींची गरज नसावी, असा त्याने निष्कर्ष काढला. आणि मग कुठून तरी खोलवरून आवाज आला. आधी घुमल्यासारखा, मग खदखदल्यासारखा. गेन्चोंनी डोळे मिटले. "याला म्हणतात खोली," ते म्हणाले. हळूहळू सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं. टाळ्या झाल्या, ठराव सर्वानुमते संमत झाला, आणि पुढच्याच आठवड्यात घरोघरी खर्ज आला.

"आणि यावर तर तुमचा मुळीच विश्वास बसणार नाही," झेल्याझ्को आता रंगात आला होता, "त्या आवाजाला वास होता. माझ्या नाकाने घेतलाय."

"मिरचीचा," मागून नेद्याल्का म्हणाली. ती बाजारातून आली होती आणि दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या होत्या. "उगाच थापा मारू नकोस, झेल्याझ्को. गॅलरीत वीज नाही. मिरच्या भाजायची विजेची भट्टी लावायला त्या दिवशी तुझ्या खोक्याची पिन मीच काढली होती. बाहेर पातेल्यात बरण्या उकळत होत्या, तो तुमचा खर्ज. आणि धुराने डोळ्यांना पाणी येतंच."

गेन्चोंच्या तोंडातली बी तोंडातच राहिली. बाकावर बसलेल्या प्रत्येकाने घरी तेच खोकं आणलेलं होतं.

"पण मग आमच्या टाळ्या?" गेन्चोंनी विचारलं.

"त्या खऱ्या होत्या," नेद्याल्का जिन्याकडे वळत म्हणाली. "हिवाळ्याला त्याच भरून ठेवा बरण्यांत."