डिस्ट्रो ‘ग’ मधला ऐन

लिनक्सचा योग्य डिस्ट्रो निवडण्यात चांगली शिकलेली माणसे महिने घालवतात. मी तो दोन दिवसांत निवडणार होतो, आणि तोही नियंत्रित प्रयोगाने. तेहतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढे जमायलाच हवे, असे मी शुक्रवारी सकाळी पत्नीला सांगितले. वत्सला तांदूळ पाखडत होती. तिचे सूप थांबले नाही.

लॅपटॉप तिचाच होता. कल्याणला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने, दिशाने, तो आईला दिला तेव्हाच त्याचे वय झालेले होते. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत कुकरच्या दोन शिट्या होत. आणि सोमवारी शहापूरला बियाणे मेळावा होता. अकरा वर्षे गावोगाव हिंडून वत्सलाने भाताच्या बावीस जुन्या जाती जमवल्या आहेत. त्यांविषयी बोलायला तिला दहा मिनिटे मिळाली होती. तेविसावी जात, तिच्या आईच्या माहेरची, काळ्या कुसळाची, तिला कुठेही सापडत नव्हती. भाषणाच्या शेवटी भर सभेत तिची चौकशी करायची, यासाठी तिने ही सगळी खटपट चालवली होती.

“मला एवढंच पायजे,” ती म्हणाली, “चालू केला की चालला पायजे, अक्षर मोठं दिसलं पायजे, नि जरा बघण्यासारखा असावा.”

म्हणजे सुलभता आणि देखणेपणा. मी तक्ता आखला. सुलभतेला साठ गुण, देखणेपणाला चाळीस. लिनक्स ही संगणक चालवणारी फुकट प्रणाली असून तिची निरनिराळी रूपे, म्हणजे डिस्ट्रो, निरनिराळ्या मंडळींनी घडवलेली असतात. पेनड्राइव्हवरून ती नुसती चालवून पाहता येतात. मी चार निवडली, चार पेनड्राइव्हवर घेतली आणि परीक्षकांच्या मनात पूर्वग्रह नको म्हणून त्यांना क, ख, ग, घ अशी नावे दिली. खरी नावे येथेही देत नाही. परीक्षण गुप्त असते.

परीक्षक दोन. वत्सलाची मैत्रीण सुंदरा, आणि शेजारचा धर्मा. दोघांनीही लॅपटॉपला कधी हात लावलेला नसल्यामुळे ते आदर्श परीक्षक होते.

सुंदराने चारही डिस्ट्रोंना शंभरपैकी शंभर दिले.

“सगळे सारखे कसे?” मी विचारले.

“आता गुरुजी, तुमी एवढं मांडून ठेवलंय. कुणाला कमी म्हणू?”

धर्मा मात्र काटेकोर माणूस. ‘क’ला त्याने “बरा हाय” म्हटले, ‘ख’वर फाईल उघडून अक्षर मोठे करून दाखवले. माझ्या तक्त्यात ‘ख’ पुढे गेला. मग मी ‘ग’ लावला. पडद्यावर डोंगराचे चित्र आले. धर्मा पुढे सरकला. मग चष्मा काढून पुन्हा घातला.

“ही तर आपली माहुली.”

“नाही, धर्मा. हा परदेशातला कुठला तरी डोंगर आहे.”

“आमच्या खाचरातनं अशीच दिसते.”

पुराव्याने गैरसमज दूर होतो, असा माझा तोपर्यंत समज होता. मी म्हणालो, “शिखरावर बर्फ आहे, बघ.”

“धुकं हाय ते. आखाडात असतंच.”

“आणि खाली हे तळे?”

“खाचरात पाणी भरलंय. लावणीचा टाइम.”

“माहुलीला सुळके किती? इथे दोनच आहेत.”

“आमच्याकडनं दोनच दिसतात,” धर्मा शांतपणे म्हणाला. मग त्याचे बोट पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर थांबले. “हा बांध. नि हा आमचा ऐन. बघा गुरुजी, ऐन बांधाच्या कुठल्या अंगाला हाय ते.”

येथे थोडी माहिती आवश्यक आहे. धर्मा आणि त्याचा धाकटा भाऊ चंदर यांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा मधल्या बांधावर ऐनाचे एक झाड होते. रोपासाठी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, तर पाला लागतो आणि ऐनाला तो भरपूर असतो. मग झाड कोणाच्या बाजूचे यावरून वाद झाला. झाड एका वादळात पडून गेले, वाद उभा राहिला. नऊ वर्षे दोघे एकमेकांशी बोललेले नव्हते.

मी चित्र मोठे करून दाखवले. तो ऐन नव्हता. तो दहा-अकरा ठिपक्यांचा एक गडद डाग होता.

“लांबनं झाड तसंच दिसतं,” धर्मा म्हणाला आणि समाधानाने घरी गेला. ‘ग’ला त्याने शंभर गुण दिले.

सुंदरा हे सगळे ऐकून त्याच्या आधी निघाली होती. दळणाला गेली होती, असे नंतर कळले. गिरणीत रांग होती, हेही नंतर कळले. शनिवारी सकाळी सात वाजता चंदर आमच्या ओटीवर उभा होता.

“गुरुजी, तुमच्या कंप्युटरात बांधाचा जुना फोटू निघालाय म्हणतात.”

“तसे काही नाही, चंदर.”

“मग दाखवायला काय हरकत हाय?”

या प्रश्नाला तर्कशास्त्रात उत्तर नाही. मी दाखवले. चंदरने मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती केली आणि म्हणाला, “झालं की. ऐन माझ्याच अंगाला हाय.”

नऊ वाजेपर्यंत ओटीवर पंधरा माणसे होती. धर्माही आला आणि भावाकडे पाठ करून बसला. दोघेही माझ्याशी बोलत होते, म्हणजे एकमेकांशी माझ्यामार्फत भांडत होते. मला दोन्ही बाजूंचा निरोप्या होण्याचा कंटाळा आला, तेव्हा मी निर्णायक प्रयोग केला. ‘ग’ काढून ‘घ’ लावला. आता पडद्यावर समुद्र होता.

“पाहिलेत? ही नुसती शोभेची चित्रे असतात. डिस्ट्रो बदलला की चित्र बदलते.”

पंधराही जणांनी समुद्र नीट पाहून घेतला. मला वाटले, विज्ञान जिंकले.

“पुरावा काढून टाकला,” चंदर म्हणाला.

“माझ्या बाजूचा निघाला म्हणूनच काढला,” धर्मा छपराकडे पाहत म्हणाला.

नऊ वर्षांत दोघांचे एकमत झालेला हा पहिला मुद्दा. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना ‘पुरावा कुठे आहे?’ असे विचारले, त्याच्यावर भर ओटीवर पुरावा दडपल्याचा आरोप झाला होता. मी ‘ग’ पुन्हा लावला.

रविवारी दुपारपर्यंत लॅपटॉप मोकळा झाला नाही. मी तक्ता वत्सलापुढे ठेवला. “डोंगरासाठी मिळालेले गुण मी बाद केले. ख पहिला आला आहे. ग तिसरा. ख बसवतो.”

“ग बसवा.”

“कारण?”

“धर्मा भावजी नि चंदर भावजी नऊ वर्षांनी एका ओटीवर चहा प्यायले. तुमच्या तक्त्यात त्याला किती गुण?”

तक्त्यात तो रकाना नव्हता. मी ‘ग’ बसवला. त्यात सांगण्यासारखी एकही अडचण आली नाही, हे न्यायाला धरून नमूद करतो.

सोमवारी मेळाव्याचे सभागृह भरलेले होते. दोघे भाऊ वेगवेगळ्या जीपने आले, कारण दोघांनाही तालुक्याच्या साहेबांना पुरावा दाखवायचा होता. वत्सला व्यासपीठावर गेली. तिने सोबतची लोंब्यांची जुडी टेबलावर ठेवली. मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, बटण दाबले आणि भिंतभर डोंगर उभा राहिला. तिची फाईल उघडायला फक्त एक टिचकी मारायची होती.

“अगं बाय, हा तर आमचा आजा,” मागून एक आवाज आला. डोळखांबची बाईजा होती.

“आजा परबतच,” तिच्या रांगेतले चारपाच जण म्हणाले. “आमच्या पाड्यावरनं असाच दिसतो.”

धर्मा उठला. “माहुली हाय ती.”

“माहुलीला असा खांदा हाय का?”

“आमच्या खाचरातनं दिसतो खांदा. तुमी आलाय का कधी आमच्या खाचरात?”

आवाज चढले. अध्यक्षांनी घंटा वाजवली, ती कोणाला ऐकू गेली नाही. सत्य सांगण्याची हीच वेळ आहे असे वाटून मी माइक घेतला. “मंडळी, हा डोंगर माहुलीही नाही आणि आजाही नाही. हा या देशातलाच नाही.”

“खाली बसा गुरुजी,” दोन्ही बाजू एका सुरात म्हणाल्या. मी बसलो.

तेव्हा चंदर उठला आणि त्याने धर्माच्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, तू बस. तुझा घसा बसलाय. मी सांगतो यांना.”

धर्मा त्याच्याकडे पाहतच राहिला. मग बसला, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून त्याने भावासाठी जागा केली.

दहांपैकी सात मिनिटे डोंगरात गेली होती. वत्सलाची फाईल उघडलेलीच नव्हती. ती अकरा वर्षे या दहा मिनिटांसाठी हिंडली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावरची लोंब्यांची जुडी उचलली आणि माइकशिवाय म्हणाली, “डोंगर कुणाचाबी असू द्या. त्याच्या पायथ्याला भात कुठलं लावता, ते सांगा.”

आणि सभा तिकडे वळली. माहुलीवाल्यांनी आपली भाते सांगितली, तर आजावाले मागे कसे राहतील? हळवी, गरवी, वासाची, तांबडी, एकामागून एक नावे येऊ लागली. अध्यक्षांनी घड्याळ पालथे ठेवले. शेवटी बाईजा ठसक्यात म्हणाली, “तुमच्या माहुलीखाली काळ्या कुसळाचं भात होतंय का? आमच्या आजाखाली होतं. घरात कणगीभर हाय.”

वत्सला खाली बसली. तिला पाणी द्यावे लागले.

बुधवारी बाईजाकडचे बी आले. ते आणायला धर्मा आणि चंदर एकाच मोटरसायकलवरून डोळखांबला गेले होते. ऐनाचे काय ठरले, हे मी विचारले नाही. लॅपटॉप उत्तम चालतो. वत्सला तो चालू करते, डोंगर बघते आणि बंद करते. आतापर्यंत तिने फाईल एकही उघडलेली नाही, त्यामुळे सुलभतेबद्दल तक्रार नाही.

काल ती बाहेर गेली असताना मी चित्र पूर्ण मोठे करून, भिंग घेऊन, दारे लावून पाहिले. ठिपके अकरा नाहीत, चौदा आहेत. कोणाला सांगणार नसाल तर सांगतो. तो ऐनच आहे, आणि माझ्या मते थोडा धर्माच्या अंगाला आहे.