सोनकांबळे सरांची हरवलेली फाईल

आजवर कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो. सोनकांबळे सरांनी दार वाजवलं की मी पंखा बंद करून गप्प बसायचो. उपयोग शून्य. बाहेरून आवाज यायचाच, "गुरुजी, चपला दारात हायेत, म्हंजे तुमी आत हाय. चला, फाईल गायब झालीय!"

सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले, अहमदपुरात आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. तयार सॉफ्टवेअर घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. "आयतं कशाला?" म्हणत ते मूळ कोड उतरवून घेत आणि आपल्या जुनाट मशीनवर स्वतः कंपाइल करत, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर घडवत. गाणी ऐकायचं सॉफ्टवेअरसुद्धा. गाणं मात्र त्यांच्याकडे मी कधी ऐकलं नाही, कारण काम अर्ध्यात अडे : मशीन म्हणे, कोडला लागणारी अमुक हेडर फाईल सापडत नाही.

"न्हाई म्हंतंय लेकाचं," सर खुशीत सांगत. "न्हाई कशी? हाय की. त्याला दिसंना झालीय. आपण दावू."

त्या उन्हाळ्यात गावात दोनच विषय होते, टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कुठे होणार. सरांना जिल्ह्याचंही तेच दुखणं वाटे. "आपला जिल्हा हाय हो, फकस्त मुंबईला घावंना!" गल्लीत टँकर आला की वहिनी ओरडत, "अहो, पाणी चाललं! ती फाईल काय घागरीत भरायचीय?" सर पाइप घेऊन धावत, तेही मान मागे मशीनकडे वळवून.

मला यात काडीची गोडी नव्हती. माझी बायको सुमन नुकतीच गेली होती. पोटात दुखतंय म्हणाली, तर मी म्हणालो, परीक्षा संपू दे, मग लातूरला दाखवू. परीक्षा संपेपर्यंत फार उशीर झाला. नंतर चूल पेटवावीशी वाटेना. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि मी नुसता पडून राहू लागलो.

पण फाईल रोज हरवायची. मी मराठीचा मास्तर. तरी सर मला शेजारी बसवून एकेक फोल्डर धुंडाळायला लावत. सापडली की कंपाइल पुन्हा सुरू. "आता तासभर चालंल ह्ये. तवर काय करता? बसा ताटावर." वहिनींनी माझी भाकरी टाकलेलीच असे.

एका संध्याकाळी सर टँकरकडे धावले. आधीची आज्ञा पुन्हा द्यायची तर वरचा बाण दाबायचा, एवढं मला येऊ लागलं होतं. मी दाबला, चुकून एकदा जास्तच. पडद्यावर त्याच्याआधीची आज्ञा आली, फाईल दुसरीकडे हलवण्याची. आम्ही शोधत होतो ती फाईल सरांनीच दुपारी जागेवरून हलवली होती. मी बाण दाबत गेलो. कालचीही त्यांनीच हलवलेली. परवाचीही.

सर ओल्या पायांनी परत आले. "घावली का?"

"न्हाई सर."

"मग सरका तिकडं. शोधू."

शाळा उघडली, मी हळूहळू माणसांत आलो. सर पुढे मुलाकडे नांदेडला गेले. मागच्या वर्षी वहिनी वारल्या. मुलगा सांगत होता, बाबा खोलीतून बाहेर येत नाहीत, मशीनला हात लावत नाहीत. मी फोनवर दोन शब्द बोललो आणि ठेवून दिला. लोह्यावरून एसटी आहे, नांदेड काही लांब नाही. मी अजून गेलेलो नाही. त्यांच्या खोलीत जाऊन त्यांना जेवायला उठवणं, एवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.