छत्री विसरणारे केतकरकाका

केतकरकाका नव्या शहरात गेले की पहिल्यांदा आपली छत्री बाकावर विसरतात. मुद्दाम. मग आडोशाला उभं राहून तिचं काय होतं ते बघतात. आमची ओळखही अशीच झाली. अल्बनीच्या नव्या बसस्टेशनवर झुडपामागं कुणीतरी लपलेलं दिसलं. कानांवरून मफलर गुंडाळायची पद्धत बघून मी सरळ मराठीतच विचारलं, "काय शोधताय, काका?"

"श्श! छत्रीवर लक्ष आहे माझं."

कुमुदकाकू गेल्यापासून काका मुलांकडे फिरत होते. मुलगी म्युनिकला, थोरला डॅलसला, आणि धाकटा मंदार इथं, आमच्या शेजारी. तिघंही म्हणत, आमच्याकडेच कायमचे राहा. काकांना एक शहर निवडायचं होतं आणि विश्वास एकावरही नव्हता. "कुठेतरी पाणी मुरतंय," हे त्यांचं पालुपद.

"म्युनिकला ट्राम वेळेवर, बागा सुंदर. एका बाईनं छत्री उचलली, नीट गुंडाळून बाकाला अडकवली आणि चालू लागली. मी झाडामागून खाकरलोसुद्धा! शिस्त आहे हो, पण तोंडातून शब्द नाही."

"आणि डॅलस?"

"घर राजवाड्यासारखं. पण रस्त्यावर पायी चालणारा मी एकटा. छत्री आठवडाभर जागची हलली नाही. अरे, चोरायलासुद्धा माणूस पायी यावा लागतो!"

इथं मात्र घोटाळा झाला. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, पेपर घेऊन काकांनी बाहेरच्या बाकावर छत्री ठेवली, तर दुकानाची मालकीण आरोहा रबरी जँडल्स चपला फटफटवत छत्री घेऊन मागं धावली. "अंकल! युअर ब्रॉली!"

"फुकट कोण धावतं? पाणी मुरतंय," म्हणत काका दुसऱ्या दिवशीही विसरले. ती पुन्हा धावली. मग हे रोजचंच झालं. मंदार बिचारा काळजीत पडला. "बाबांना विस्मरण होतंय का रे? डॉक्टरांना दाखवू?" मलाही शंका आली, म्हणून एका सकाळी मी काकांबरोबर गेलो.

लख्ख ऊन होतं. छत्री बाकावर ठेवून काका निघाले. मागून हाक आली, "अंकल!" काकांनी चाल मंदावली, पण वळले नाहीत.

"काका, ती बोलावतेय."

"ऐकू येतंय. मारू दे अजून एक."

"अंकल!"

"आमची कुमुद अशीच फाटकापर्यंत यायची, छत्री घेऊन," काका समोर बघतच म्हणाले. "मी खेकसायचो, निघताना मागून हाक मारू नये, कळत नाही का? मग तिनं हाक मारणंच सोडलं. गुपचूप पिशवीत छत्री ठेवायला लागली."

आरोहा धापा टाकत पोचली. काकांनी दोन्ही हातांनी छत्री घेतली आणि ती परत जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

"मंदारला सांगतो आज, इथंच राहतो म्हणून," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पण मी मुद्दाम विसरतो हे हिला कळू देऊ नकोस हं. हाक मारायची थांबेल."