मैनेला लॅटिन कळतं

मैना म्हशीनं त्या संध्याकाळी दूध द्यायचं साफ नाकारलं, आणि कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर ताज्या धारेच्या दुधासाठी रिकामे पेले धरून उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आण्णा म्हशीखाली बसले होते, चरवी गुडघ्यांत होती, हात सडांवर होते. सगळं रोजच्यासारखं होतं, नव्हता तो फक्त आण्णांचा आवाज. आदल्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यात आपल्या तालमीच्या संघासाठी ओरडून ओरडून तो त्यांनी मैदानावरच सोडला होता.

आता म्हशीच्या दुधाचा आणि मालकाच्या घशाचा काय संबंध, असं परगावचा माणूस विचारील. त्याचं उत्तर जर्मनीत आहे. आण्णांची एकुलती एक लेक संयोगिता तिथल्या विद्यापीठात लॅटिन भाषा आणि साहित्य शिकते. ती जायची ठरली तेव्हा अख्ख्या मंगळवार पेठेनं हे डॉक्टरकीतलंच काहीतरी असणार असं धरून टाकलं होतं. आण्णांनी मात्र सरळ विचारलं होतं.

"ही भाषा बोलतं कोण?"

"आता कोणच न्हाई, आण्णा. दोन हजार वर्षांमागं बोलायचे."

"मग तू तिथं जाऊन बोलणार कुणासंगं?"

संयोगिता पोट धरून हसली. मग तिनं सांगितलं की गुरं कशी निवडावी, वासरं कशी जपावी यावर त्या भाषेत जुने ग्रंथच्या ग्रंथ आहेत. तिथं आण्णांचं मत एकदम पालटलं. गुरांवर ग्रंथ लिहिणारी माणसं वाईट असणं शक्यच नव्हतं.

निघायच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. डोळ्यांत पाणी यायला लागलं की आण्णांचा आवाज चढतो, हा त्यांचा जुना रोग. गाडीत बसणाऱ्या लेकीला ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "डिग्री हातात घेतल्याबिगर दारात पाय ठेवायचा न्हाई, सांगून ठेवतो!" सगळे हसले, लेकही हसली. पण गेली ती गेलीच. दोन दिवाळ्या तिच्याविना झाल्या.

फोन रोज यायचा, पण तो तिच्या आईच्या, बयाबाईंच्या मालकीचा. आईलेकीचं तासभर चालायचं आणि शेवटी फोन आण्णांच्या हातात पडायचा. "बरी हाईस न्हवं?" "व्हय आण्णा. म्हशी?" "बऱ्या हाईत." एवढ्यात संभाषण संपायचं. फोन ठेवल्यावर आण्णा किती तरी वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. पोरगी डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिच्या खोलीत ते उगीचच पंखा लावून यायचे आणि थोड्या वेळानं बंद करून यायचे. पोटात एकच प्रश्न होता, पोरी, घरी कधी येणार? पण चारचौघांत दरडावून बोललेला शब्द मागं घ्यायचा म्हणजे कोल्हापुरी माणसाला नाक घासल्यासारखं वाटतं.

म्हणून आण्णांनी ठरवलं, मराठीत लाज वाटते ना, मग लॅटिनमध्ये विचारायचं. मोबाईलवर धडे शोधून ते गोठ्यात बसून शिकू लागले. साऱ्या खटाटोपातून एक वाक्य तयार झालं. "फिलिया, क्वांदो दोमुम वेनिएस?" म्हणजे पोरी, घरी कधी येशील? ते त्यांनी मैनेची धार काढता काढता घोकायला सुरुवात केली. तिचं रेडकू नुकतंच दुधावरून तोडलेलं, पान्हा सोडायला ती रोज मिनतवारी करून घेत होती. या वाक्यात काय होतं कोण जाणे, पण आण्णांनी ते हळू आवाजात म्हटलं की मैना डोळे मिटायची आणि धारा सुरू व्हायच्या.

मैनेला सवय लागली, आण्णांना धीर काही झाला नाही. रोज फोन हातात आला की ते "फि" पर्यंत यायचे आणि पुढं म्हणायचे, "फिरायला जातीस न्हवं? म्हशी बऱ्या हाईत."

तर आता हे असं झालं होतं. आण्णांच्या तोंडातून नुसती हवा येत होती आणि मैना पाय झाडत होती.

"काय ओ आण्णा, म्हस रुसली का काय?" धैर्यशील पैलवानानं विचारलं. तालमीतून निघून तो रोज इथंच यायचा.

"नजर लागली असंल, मीठमोहऱ्या उतरून टाका," शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या. मीठमोहऱ्या उतरल्या. मैनेनं ढुंकून पाहिलं नाही. बयाबाईंनी "सोड की गं बाई" म्हणून पाठीवरून हात फिरवला, तर शेपटीचा फटका गालावर बसला. एव्हाना कास दगडासारखी झाली होती. दूध तसंच राहिलं तर रात्रभर जनावर ठणकणार, हे आण्णांना कळत होतं आणि त्यांचा जीव तुटत होता.

"ते तुमचं रोजचं ल्याटिन म्हणा की!" बयाबाई वैतागून म्हणाल्या. आण्णांनी घशाकडे बोट केलं. "मग पोरीलाच फोन लावते. तिची भाषा हाय, ती बोलंल."

आण्णांनी दोन्ही हात हलवले, मान हलवली, चरवीसुद्धा हलवली. पण आवाज नसलेल्या माणसाचं ऐकतो कोण? फोन लागला. पडद्यावर संयोगिता दिसली, मागं पुस्तकांच्या भिंती.

"आई, लायब्ररीत हाय मी," ती कुजबुजली. "काय झालं?"

"म्हशीसंगं बोल जरा."

"आँ?"

"ल्याटिनमदी बोल. त्याबिगर ती पान्हा सोडंना झालीया."

"मैनेला लॅटिन कुणी शिकवलं?"

"तुझ्या बानं! दुसरं कोण?"

संयोगिताचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आण्णा लॅटिन बोलतात? काय म्हणतात?"

"मला काय ठावं?"

"आम्हास्नी पाठ हाय की!" धैर्यशील पुढं झाला. "रोज पेला धरून ऐकतोय. चला रं, म्हणा सगळी!"

आण्णा त्याचं तोंड धरायला उठले, पण उशीर झाला होता. सामन्यात घोषणा द्याव्यात तशी सगळ्या कट्ट्यानं एका सुरात आरोळी ठोकली, "फिलिया! क्वांदो दोमुम वेनिएस!"

तिकडं जर्मनीत साऱ्या वाचनालयानं माना वर केल्या आणि संयोगिता फोन छातीशी धरून बाहेर पळाली. इकडं मैनेनं डोळे मिटले.

"सुटला, पान्हा सुटला!" धोंडुबाई ओरडल्या.

पान्हा सुटल्यावर बसावंच लागतं. पळून जायच्या बेतात असलेले आण्णा मुकाट्यानं परत म्हशीखाली बसले आणि त्यांनी तोंड तिच्या पोटाला टेकवलं.

पडद्यावर आता एक जिना दिसत होता. संयोगिता पायरीवर बसली होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

"अगं, रडाय काय झालं? काय म्हणाली ही माणसं?" बयाबाई घाबरल्या.

"ते आण्णा विचारायलेत आई. पोरी, घरी कधी येशील म्हणून."

चरवीत पडणाऱ्या धारांचा तेवढा आवाज येत राहिला. धैर्यशीलानं पेला खाली ठेवला आणि उगीच रस्त्याकडे बघितलं.

"एवढंच व्हय?" बयाबाई म्हणाल्या. "मे म्हैन्यात येतीया की ती. तिकीटबी काढून झालंय."

म्हशीखालून कसाबसा घोगरा आवाज आला. "आन् मला?"

"तिनंच शपथ घातलीया. आण्णा आपल्या तोंडानं इचारतील तवाच सांग म्हणाली. मी आपली रोज वाट बघतीया, नवरा आज इचारंल, उद्या इचारंल. आन् तुम्ही म्हशीला इचारत बसलाय!"

कट्टा खो खो हसला. बयाबाईंनी फोन वाकून म्हशीखाली धरला. आण्णांना आता तोंड लपवायला जागा उरली नव्हती. लेकीकडे बघून त्यांनी घशातला सगळा जोर एकवटला आणि निव्वळ मराठीत म्हटलं, "ये."

"ऐकू आलं न्हाई, आण्णा."

"ये गं."

"अजून जरा मोठ्यानं."

"ये की पोरी! लवकर ये!"

"न्हाई ऐकू येत, आण्णा," ती हसत, रडत म्हणाली.

तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, हे तेव्हा कुठं आण्णांच्या ध्यानात आलं. त्यांनी ओल्या हातानं डोळे पुसले आणि पुन्हा म्हटलं, "ये."