काटा शून्यावर

"माझ्या स्पीकरना हात लावायचा नाही," सासरेबुवा म्हणाले. "आधी शून्य दाखवा, मग बोलू."

जावईबापूंनी स्वतःच्या हातानं बनवलेला ॲम्प्लिफायर दोन महिने जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडला होता. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. जावईबापू तसे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, पण सुट्टीच्या दिवशी हात स्वस्थ बसायचे नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत त्यांनी फळी ठोकली ती पडली, घंटी बसवली ती आपोआप वाजायला लागली, आणि प्रत्येक वेळी सासरेबुवांनी चष्म्यावरून बघून काही न बोलता वर्तमानपत्र उलटलं. ते न बोलणं जावईबापूंना फार लागायचं. निदान एकदा तरी आपण बनवलेल्या वस्तूला म्हाताऱ्यानं आपल्या हातानं आपले स्पीकर जोडावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि स्पीकर म्हणजे सासरेबुवांचा जीव. दर रविवारी मऊ फडक्यानं पुसायचे. लेकीलाही पुसू द्यायचे नाहीत.

भानगड अशी होती, की गाणं चालू नसताना ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी वीज शून्य हवी. हा ॲम्प्लिफायर गप्प असतानाही थोडी वीज बाहेर सोडत होता. याला जाणकार 'ऑफसेट' म्हणतात. ती वीज स्पीकरमध्ये गेली की त्याचा पडदा एका बाजूला फुगून बसतो, आतली तार तापते आणि चांगला स्पीकर हकनाक खराब होतो. म्हणून जावईबापूंनी काट्याचा जुना मीटर जोडला होता. काटा शून्याच्या वर दोन रेषा उभा होता. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला आणि ते बोलत बाल्कनीत गेले.

आता आतली गोष्ट सांगतो. सासरेबुवांनी पन्नास वर्षं तराजू दुरुस्त केले होते. वाण्याचे, सोनाराचे, औषधाच्या दुकानातले. कुठलाही काटा शून्यावरून हललेला दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. पेनाएवढा पेचकस आजही त्यांच्या खिशात असायचा. पाणी प्यायला जाता जाता त्यांना मीटरचा काटा दिसला. अशा मीटरच्या तोंडावर एक बारीक स्क्रू असतो. काहीच जोडलेलं नसताना काटा शून्यावर नसेल, तर तो फिरवून काटा जागेवर आणायचा. इथं ॲम्प्लिफायर जोडलेला होता, हे सासरेबुवांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांनी स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला आणि पाणी पिऊन निघून गेले.

जावईबापू परतले आणि बघतच राहिले. "अगं, आपोआप शून्यावर आला बघ."

"आपोआप?" लेकीनं स्वयंपाकघरातून विचारलं. "तुमच्या वस्तू आपोआप बिघडतात. सुधारताना कधी बघितल्या नाहीत."

"तापल्यावर स्थिर झाला गं." असं म्हणून त्यांनी खुशीत बटण बंद केलं आणि आंघोळीला गेले. वीज बंद झाल्यावर काटा शून्याच्या खाली घसरला. टॉवेल वाळत घालायला आलेल्या सासरेबुवांना तो तसा दिसला. पुन्हा पेचकस निघाला.

झालं. दुसऱ्या दिवशी बटण लावलं की काटा परत दोन रेषा वर. जावईबापू दोन तास समोर बसले, काटा हलेना. चहा आणायला गेले, तेवढ्यात काटा शून्यावर. त्यांनी सिद्धांत मांडला, की माणूस जवळ असला की त्याच्या श्वासानं आतले सुटे भाग गार-गरम होतात. मग पंखा बंद झाला. खिडक्या बंद झाल्या. टेबलाजवळून पळत जायचं नाही, जोरात बोलायचं नाही, असा फतवा निघाला.

"शिंकायचं असेल तर अर्ज करायचा का?" लेक म्हणाली.

"काटा वर म्हणजे दोन व्होल्ट बाहेर सुटतायत. बाबांच्या स्पीकरचा प्रश्न आहे, चेष्टा नाही," जावईबापू घाम पुसत म्हणाले. सासरेबुवा खुर्चीत बसून ऐकत होते. रात्री बटण बंद झाल्यावर त्यांनी काटा शेवटचा जागेवर आणला आणि पेचकस खिशातून काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी काटा हललाच नाही. जावईबापू बनियनवर, बंद खोलीत, सकाळपासून भिजल्या मांजरासारखे बसले होते. चहाला गेले, आंघोळीला गेले, जिन्यात जाऊन उभे राहिले. काटा दोन रेषा वर तो वरच. शेवटी ते हळूच म्हणाले, "नाही जमत मला. मोडून ठेवतो." आणि खोकं आणायला माळ्यावर चढले.

खोकं घेऊन खाली आले तर काटा शून्यावर होता आणि सासरेबुवा एक स्पीकर छातीशी धरून उभे होते. "जमलं की हो, जावईबापू. चला, जोडू या."

जावईबापूंचा आनंद गगनात मावेना. ते टेबल पुसायला फडकं शोधू लागले. लेकीनं वायर बाजूला करताना मीटरची पिन निघाली आणि काटा शून्याच्या खाली जाऊन बसला.

ती तराजूवाल्याची लेक. "थांबा," ती म्हणाली. "काही जोडलेलं नाही आणि काटा खाली? रिकामं पारडं असं झुकत नाही. बाबा, खिशात काय आहे?"

सासरेबुवांनी स्पीकर खाली ठेवला आणि पेचकस टेबलावर ठेवला.

"म्हणजे दोन दिवस आम्ही पंखा बंद करून उकडत होतो," ती म्हणाली, "आणि हे येता-जाता काटा पिळत होते." तिनं आधी पंखा लावला, मग खिडक्या उघडल्या. जावईबापूंनी मीटर नीट केला, पिन जोडली आणि ॲम्प्लिफायरच्या पोटातला शून्याचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. काटा खाली आला आणि खऱ्या शून्यावर थांबला. पाच मिनिटांचं काम होतं. काटा आपोआप हलतोय, मग हा स्क्रू फिरवून काय उपयोग, असं समजून त्यांनी त्याला हातच लावला नव्हता.

सासरेबुवांनी आपल्या हातानं दोन्ही स्पीकर जोडले. गाणं सुरू झालं, स्वच्छ आणि मोकळं.

"पहिल्या दोन दिवसांचं समजलं, तुमची खोडच आहे," लेक म्हणाली. "पण आज तर तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?"

सासरेबुवांनी स्पीकरवरून मऊ फडकं फिरवलं. "पन्नास वर्षांत कुणासाठी काटा सरकवला नाही. मोठमोठे सोनार पाया पडले, तरी नाही. पण आज यांचा चेहरा बघवेना."

"अहो, पण तुमचे स्पीकर गेले असते," जावईबापू म्हणाले.

"गेले असते तर गेले असते. तुम्ही मोडायला निघाला होता."

जावईबापूंनी आवाजाच्या बटणावर हात ठेवला आणि विचारलं, "थोडा वाढवू, बाबा?"

"वाढवा," सासरेबुवा म्हणाले. "आणि हे बाहेर कुणाला सांगू नका. बाजारात अजून माझ्या शब्दावर तराजू चालतात."