आठ ओहमचे बबनकाका

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर लोक नवरानवरीला शोधतात. बबनकाका स्पीकर शोधतात. आहेराचं पाकीट एका खिशात, मीटर दुसऱ्यात. परक्या साउंडवाल्याच्या बॉक्सची वायर ते बेलाशक सोडवतात, मोजतात आणि विचारतात, "मीटर थोडं कमीच दाखवतं. सहा म्हणजे आठ ओहमचा. मशीन कितीचं?" एकदा शिवडीला त्यांनी अशी वायर सोडवली तेव्हा वरमाय माइकवर आभार मानत होती. तिचे ओठ बराच वेळ नुसतेच हलत राहिले.

काका भोईवाड्यात आमच्याच चाळीत, तळमजल्यावर एकटे राहतात. लाउडस्पीकर भाड्याने देतात. एक जुना अँप्लिफायर, त्याला ते मशीन म्हणतात, आणि चार बॉक्स, एवढा संसार. ओहम ही काय चीज आहे हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्यातून कुणाचीच सुटका झालेली नाही.

"मशीन म्हणजे घरातली बाई," ते सांगतात. "चार माणसांच्या भाकऱ्या आरामात थापते. आठ बसवलीत तरी नाही म्हणणार नाही, थापतच राहील. मग एक दिवस आडवी. शेजारी-शेजारी बॉक्स जोडत गेलात की ओहम उतरतात आणि सगळा ताण मशीनवर. जोड बसली पाहिजे."

ते कुणाचं ऐकून घेत नाहीत, असा त्यांचा लौकिक. माटुंग्याच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागल्याचे पेढे द्यायला मी गेले, तर म्हणाले, "तिथल्या हॉलातले भोंगे सोळाचे आहेत." आणि पेढा खाल्ला.

ऐकायचे ते फक्त माझ्या बाबांचं. दोघे एका वर्गातले. कुठलाही कार्यक्रम असो, काका माइक हातात घेऊन आधी विचारायचे, "वसंत्या, मागे पोचतंय का रे?" बाबा शेवटच्या रांगेतून घडी केलेला पेपर वर करायचे. उभा धरला तर वाढव, आडवा धरला तर पुरे. पेपर आडवा होईपर्यंत कार्यक्रम सुरू होत नसे, मग पाहुणा कितीही मोठा असो.

गेल्या महिन्यात बाबा गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींच्या वंदनेनंतर बाबांच्या आवाजातली वंदना लावायचं ठरलं. माझ्या मोबाइलवर त्यांचं तेवढं एकच रेकॉर्डिंग होतं. कार्यक्रम खाली चाळीच्या चौकात, आणि आईला गुडघ्यांमुळे तीन जिने उतरणं शक्य नव्हतं. "मला वर ऐकू आलं पाहिजे," एवढंच ती म्हणाली.

काकांनी दोन बॉक्स चौकात मांडले, दोन आमच्या गॅलरीत आणून ठेवले. तेवढ्यात माझगावचे मामा दोन चकचकीत बॉक्स घेऊन हजर.

"बबनराव, हेपण लावा. दाजींचा आवाज डबल होईल."

"ताप डबल होईल. हात लावू नका."

काका पांढरा सदरा घालायला खोलीत गेले. मामांनी हात लावला. मशीन 'टक' करून गप्प झालं आणि थोडा जळका वास आला.

"लाइट गेली वाटतं," मामा म्हणाले. त्यांच्या डोक्यावर बल्ब चालू होता.

वर गॅलरीत आई वाट बघत बसली होती.

काका आले. ताप बघावा तसा त्यांनी मशीनच्या पाठीला हात लावला. "फ्यूजने वाचवलं." फ्यूज बदलला, मामांचे बॉक्स बाजूला केले, आपले चारही पुन्हा मोजले. दोन-दोन बॉक्स एकामागे एक जोडले, मग त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी. "चार बॉक्स, तरी आठच ओहम," त्यांनी मशीनलाच सांगितलं. मी वर गॅलरीत आईजवळ गेले.

मग माइक उचलला. "वसंत्या, मागे पोचतंय का रे?"

माझ्याशेजारच्या बॉक्समधून ते स्वच्छ ऐकू आलं. चौकातली माणसं खाली बघू लागली. काका मात्र शेवटच्या रांगेकडे बघत तसेच उभे राहिले.

"छान येतोय की आवाज," मी आईला हळूच म्हटलं. "त्यांना ऐकू येत नाहीये का?"

"कुठलं येतंय. भोंग्यांजवळ बसून बसून भावोजींचे कान कधीच गेले. म्हणून तर मोजत असतात. तुझ्या बाबांनी कुणाला कळू दिलं नाही."

तिने खुर्चीवरचा पेपर घेतला, घडी केली आणि कठडा धरून उभी राहिली. मी खाली वाकून काकांना हात केला. त्यांनी वर पाहिलं. आईने पेपर आडवा धरला.

काकांनी मान हलवली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांचा आवाज चौकातून वर चढत आला. वंदना संपेपर्यंत काका बॉक्सवर तळहात टेकून उभे होते.