कोबीमागचं विरजण

गाळाला सरळ गाळ म्हटलं असतं, तर पद्माकररावांवर पुढचा प्रसंग ओढवलाच नसता.

बंगळूरच्या येलहंक्यात राहणारे पद्माकरराव सांडपाणी शुद्ध करण्याचे प्लँट आखत. (नुसते आखत. बांधायचं सहसा कुणी मनावर घेत नसे.) या वेळी मात्र त्यांचा जीव गुंतला होता. तासाभरावरच्या एका छोट्या गावाची सगळी गटारं तळ्यात सुटत होती. उन्हाळ्यात घरोघरी कावीळ झाली होती. तरी तळ्याकाठची जागा द्यायला नगरपालिका तयार नव्हती. ‘वास मारेल!’ एवढंच पालुपद. पुढच्या बैठकीत जागा मिळाली नाही, तर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती.

म्हणून त्यांनी शक्कल लढवली. चालू प्लँटमधला गाळ डब्यातून न्यायचा आणि एकेकाला हुंगायला द्यायचा. चांगल्या गाळाला ओल्या मातीसारखा वास येतो. असा गाळ थोडासा नव्या टाकीत घातला की त्यातले जंतू वाढतात आणि घाण खाऊन टाकतात, म्हणून पद्माकरराव लाडानं त्याला ‘विरजण’ म्हणत. हे प्रकरण फ्रीजमध्ये ठेवलेलं त्यांच्या बायकोला, वीणाताईंना, मुळीच खपलं नसतं, म्हणून डबा त्यांनी गुपचूप कोबीमागे दडवला.

बैठकीच्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरातून ओरडले, "अगं, फ्रीजमधलं विरजण माझ्या पिशवीत ठेव!"

"मीटिंगला विरजण कशाला?"

"त्याशिवाय प्लँट चालत नाही!"

वीणाताईंनी कपाळाला हात लावला आणि ठेवलं. सांगलीहून माहेरचं आणलेलं, बंगळूरच्या हवेत वर्षानुवर्षं जपलेलं.

बैठकीत पद्माकरराव उभे राहिले. "अण्णा, हे शहरातल्या गटाराच्या पाण्यातून आलंय," असं गंभीरपणे म्हणत त्यांनी झाकण काढून डबा अध्यक्ष देवाप्पांच्या नाकाशी धरला.

सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"मोसरु!" देवाप्पा पुटपुटले. "गटारातून एवढं पांढरंशुभ्र दही निघतं?"

पद्माकररावांनी डब्यात डोकावलं आणि त्यांना घामच फुटला. तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, "मग वास कसला? देऊन टाका जागा!" भराभर हात वर झाले. आता गप्प बसलं की काम फत्ते. पण ज्यांना चांगलं पाणी द्यायचं, त्यांनाच पहिल्या दिवशी फसवायचं?

"थांबा," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "हे आमच्या घरचं दही आहे. गटाराचं कोबीमागे राहिलं."

हसून हसून देवाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, मिळालेली जागा घालवून खरं सांगणारा इंजिनिअर आजच पाहिला. सरी, ठीक आहे, जागा दिली!" मग सगळ्यांनी बोट बोट चाखून डबा चट्ट करून टाकला.

आजवर पद्माकररावांच्या प्रत्येक बेतावर विरजण पडत आलं होतं. विरजणानं बेत तरला तो हा पहिलाच. छाती फुगवून ते घरी आले. "वीणा, जागा मिळाली! का, तर मी खरं बोललो!"

"माझं विरजण कुठाय?"

पद्माकररावांनी रिकामा डबा पुढे केला.

"अहो, आता दुधाला काय लावू? कोबीमागचं?" वीणाताईंचा आवाज चढला. मग त्या जराशा थांबल्या. "देवाप्पांचा फोन आला होता मघाशी."

"हो? काय म्हणाले माझ्याबद्दल?"

"म्हणाले, अक्का, पुढच्या मीटिंगला सर नाही आले तरी चालेल. मोसरु तेवढं पाठवा."